नाव तेच, आयएसएसएन तोच, जर्नल मात्र भलतंच

रत्नागिरीजवळच्या एका कॉलेजात मी बॉटनी शिकवतो आणि माझा पहिला पेपर कुठे आला असं कोणी विचारलं की आजही विषय बदलतो. तीन पावसाळे कातळसड्यावर गुडघे फोडून घेतले, पावसापुरत्या उगवणाऱ्या वनस्पतींची यादी केली, नमुने वर्तमानपत्रात दाबून ठेवले (आमच्याकडे जुलैत टॉवेल वाळत नाही तिथे पानं काय वाळणार, निम्म्यांना बुरशी), आणि एवढं करून पेपर दिला तो चोरांच्या हातात.

प्रमोशनची फाईल तोंडावर आलेली, त्यात ग्रुपवर लिंक पडली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) केअर लिस्टमध्ये, म्हणजे मान्य जर्नलांच्या यादीत, नाव होतं, आयएसएसएन म्हणजे जर्नलचा नंबरही जुळला. मंगळवारी पाठवला, गुरुवारी अॅक्सेप्टन्स, खाली पैसे भरायचा क्यूआर कोड. पेपर तपासणाऱ्या रिव्ह्यूअरची एक ओळ नाही, आणि मला वाटलं आपण लिहितोच भारी!

आता हे नीट समजून घ्या. एखाद्या जुन्या संस्थेचं खरं जर्नल असतं, बहुतेकदा छापील, वेबसाइट नसलेलं. भामटे त्याच नावाने आणि त्याच नंबराने साइट उभी करतात, यालाच क्लोन जर्नल म्हणतात. म्हणजे तुम्ही नाव तपासा, नंबर तपासा, दोन्ही खरेच निघणार, खोटा फक्त पत्ता. आयएसएसएन हा आठ आकडी ओळख क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नाही, आणि छापील व ऑनलाइन आवृत्तीला तो वेगवेगळा मिळतो. तेव्हा आयएसएसएन पोर्टलवर जाऊन माध्यम बघा. नोंद फक्त छापील आणि तुम्हाला पीडीएफची लिंक मिळतेय, तर पैसे भरू नका. त्रैमासिकाचा एकाच वर्षात आठवा अंक दिसला तरी तेच. मग लायब्ररीतून जुना छापील अंक काढा आणि त्यातल्या नंबरवर फोन करा, साइटवरच्या नाही, तो चोराचाच. मी हा फोन अकरा महिन्यांनी केला. पलीकडचे म्हातारे संपादक म्हणाले, "या महिन्यातले तुम्ही तिसरे."

फेब्रुवारी 2025 मध्ये यूजीसीने केअर लिस्टच बंद केली. आता काहीही चालतं म्हणणारे सीनियर भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा. न वाचता पेपरवर नाव टाकायला सांगणाऱ्या गाइडपासून तर फारच लांब, गडबड झाली की ते तुम्हाला ओळखतसुद्धा नाहीत.

पण घाबरू नका. पीएचडी करत असाल तर 2022 च्या नियमांपासून थिसिसआधी पेपर छापून येणं यूजीसीने सक्तीचं ठेवलेलं नाही, फक्त आपल्या विद्यापीठाचा नियम बघून घ्या. खासगीवाल्यांचं दुखणं वेगळं, माझ्या मित्राकडे सारखं स्कोपस स्कोपस (जर्नलांचा एक आंतरराष्ट्रीय डेटाबेस) चालतं. त्याला एवढंच सांगतो की स्कोपसमधूनही जर्नलं बाहेर काढली जातात, कव्हरेज अजून चालू आहे का ते त्यांच्याच सोर्स लिस्टवर बघ, जर्नलच्या होमपेजवरचा लोगो कोणीही चिकटवतो.

माझा तो पेपर परत घ्यायला गेलो तर विथड्रॉवलचे वेगळे पैसे मागितले. दिले नाहीत, पण तिथे छापलेलं तसंच्या तसं दुसरीकडे देताही येईना. परत सड्यावर गेलो, नवीन नमुने घेतले, जुन्या पेपरचं काय झालं ते संपादकांना आधीच कळवलं. चौदा महिने लागले. एका रिव्ह्यूअरने तर प्रत्येक नमुन्याचा हर्बेरियम नंबर (वाळवलेल्या नमुन्यांच्या संग्रहातला नोंद क्रमांक) मागितला, तेव्हा मी यंदाची पानं इस्त्रीखाली वाळवत होतो आणि बायको शेजारी शर्ट घेऊन उभी.