पीएचा पगार: कागदावरचा आणि हातातला

चिपळूणजवळच्या लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीत पीए, म्हणजे साहेबांची स्वीय सहायक, म्हणून निवड झाली तेव्हा ऑफर लेटरवर महिन्याला २०,००० रुपये लिहिले होते. चिपळूणला घरी येऊन आईला तोच आकडा सांगितला. महिनाअखेर खात्यात जेमतेम सोळा हजार जमा झाले. कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) वाटा, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), ईएसआयसी (कामगार विमा) हे सगळं त्या वीस हजारांतच धरलेलं होतं, आणि वर माझाही पीएफ कापला गेला. फसवणूक नव्हती, मी विचारलं नव्हतं एवढंच. तुम्ही मुलाखतीत सरळ विचारा: हातात किती येणार, मूळ वेतन (भत्ते सोडून पगार) किती?

मूळ वेतनाचं महत्त्व मला उशिरा कळलं. पीएफ आणि ग्रॅच्युइटी त्यावर ठरते. मुलींनी आणखी एक बघावं: महाराष्ट्रात महिलांना महिना २५,००० रुपयांपर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर नाही. तरी स्लिपमध्ये कपात दिसली तर अकाउंट्समध्ये जाऊन बोला.

आता पगार वाढतो कशाने? नुसत्या टायपिंगने नाही, हे मी अनुभवाने सांगते. दोन वर्षं मी पत्रं टाइप केली, भेटींच्या वेळा सांभाळल्या आणि साहेबांची कोकण रेल्वेची तिकिटं काढली. वाढ झाली ती नावापुरतीच. मग प्रकल्पाच्या विस्तारासाठी जनसुनावणी, म्हणजे आसपासच्या लोकांचं म्हणणं ऐकायची सभा, लागली. मुंबई ऑफिसची भाषा इंग्रजी, इथे ग्रामपंचायतीला आणि मच्छीमारांना समजायला हवी मराठी. ती पत्रं, सभेची टिपणं मी दोन्ही भाषांत लिहू लागले. साहेबांना मसुदा पुन्हा तपासावा लागत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या वर्षीची वाढ आधीच्या दोन वर्षांच्या मिळून झालेल्या वाढीपेक्षा जास्त होती. तुम्ही कोणाच्या केबिनबाहेर बसता यानेही फरक पडतोच. प्लँट मॅनेजरच्या पीएपेक्षा डायरेक्टरच्या पीएला जास्त मिळतं. पण तिथवर पोचवतो तो हा विश्वास.

दुसरी वाट शॉर्टहँडची, म्हणजे बोललेलं खुणांनी झटपट उतरवून घेण्याची. कोकणातल्या मुलामुलींनी ती सोडू नये असं मला मनापासून वाटतं, कारण दहावी पास असलं तरी चालतं. राज्य सरकारात लघुटंकलेखकाला (शॉर्टहँड घेऊन टाइप करणाऱ्याला) मिनिटाला ८० शब्दांचा वेग लागतो, वेतनश्रेणी २५,५००-८१,१००. निम्नश्रेणी लघुलेखकाला १०० शब्द, आणि तिथे श्रेणी ३८,६००-१,२२,८०० अशी आहे. वर महागाई भत्ता वेगळा. वीस शब्दांच्या वेगाला मूळ वेतनात १३,१०० रुपयांचा फरक! जोडीला महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचं संगणक टंकलेखनाचं प्रमाणपत्र हवं, मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं.

माझा शॉर्टहँडचा वेग ८० वर अडकला होता. भाऊ रोज रात्री घड्याळ लावून अग्रलेख वाचायचा, मी तो शॉर्टहँडमध्ये घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये आपल्याच खुणा वाचून बघायची. लिहिलेलं वाचता आलं नाही तर वेगाचा उपयोग नाही. ८० वर मी सरकारी नोकरीत लघुटंकलेखक झाले, आता ओरोसला (सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी) आहे. माझ्याबरोबर लागलेली मैत्रीण मुंबईत आहे. मूळ वेतन दोघींचं सारखं, घरभाडे भत्ता तिला जास्त. पण तो तिच्या खोलीच्या भाड्याला पुरत नाही, मी कुडाळहून अर्ध्या तासात ऑफिसला पोचते. १०० चा सराव अजून चालू आहे, आता अग्रलेख नवरा वाचतो.