ॲफेरेसिसला जाताना: आधी पाणी, मग बाकी सगळं

पाणी प्या. आदल्या संध्याकाळपासून प्या. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचलंत तरी पुष्कळ झालं. गेल्या जानेवारीत मी बाकी सगळं अगदी शहाण्यासारखं केलं होतं, हे एवढं केलं नव्हतं, आणि उपचाराची अख्खी खेप वाया घालवली होती.

हे लिहितेय ते जपानमध्ये राहणाऱ्या, अल्सरेटिव्ह कोलायटिस (थोडक्यात यूसी, मोठ्या आतड्याला सूज येऊन जुलाब होण्याचा, रक्त पडण्याचा आजार) असलेल्या आणि डॉक्टरांनी "जीएमए करून बघू या" म्हटल्यावर घरी येऊन मोबाइल चाळत बसलेल्या माणसांसाठी. जीएमए हा ॲफेरेसिसचाच एक प्रकार, थोडक्यात असा. एका हाताच्या शिरेतून रक्त बाहेर काढतात, एका नळकांड्यातून फिरवतात आणि दुसऱ्या हातातून परत सोडतात. नळकांड्याचं नाव ॲडाकॉलम. त्यात सेल्युलोज ॲसिटेटचे २ मिलिमीटरचे पांढरे मणी ठासून भरलेले असतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला खिचडीसाठी भिजवलेला साबुदाणाच आठवला. आतड्याची सूज पेटती ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी ग्रॅन्युलोसाइट आणि मोनोसाइट त्या मण्यांना चिकटून राहतात, बाकीचं रक्त पुढे जातं. मिनिटाला ३० मिली, ६० मिनिटं, म्हणजे एका खेपेला १.८ लिटर. बाहेरून आत जातं ते सलाइन आणि रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किंवा नाफामोस्टॅट, बस. इथल्या आरोग्यविम्यात ही उपचारपद्धती २००० पासून यूसीसाठी आणि २००९ पासून क्रोन्ससाठी, म्हणजे आतड्याच्या सुजेच्या दुसऱ्या आजारासाठी, आहे.

घरी फोन करून सांगायच्या आधी वाक्य नीट जुळवून ठेवा. बऱ्याच ठिकाणी हे डायलिसिसच्या खोलीत करतात. "डायलिसिसच्या खोलीत आहे" एवढं ऐकून माझ्या आईने सांगलीत अर्ध्या गल्लीला माझी किडनी गेल्याचं कळवलं होतं. किडनीचा काही संबंध नाही हे पटल्यावर म्हणाली, "मग रक्त खराब झालंय का गं? सारिवाद्यासव पाठवू?" रक्तशुद्धी हा शब्द चुकूनही वापरू नका.

अपेक्षाही आधीच बेतात ठेवा. अमेरिकेत १६८ यूसी पेशंटांवर चाचणी झाली होती, काहींना खरं नळकांडं लावलं, काहींना नुसता देखावा. २००८ मध्ये निकाल आला तो १७ टक्के विरुद्ध ११ टक्के लोक बरे वाटण्याच्या टप्प्यात, म्हणजे ठाम सांगण्यासारखा फरक नाही. जपानी डॉक्टरांचा अनुभव यापेक्षा बराच चांगला आहे आणि ते पेशंट निवडूनही घेतात. मी स्टेरॉइड कमी केलं की पुन्हा रक्त पडायचं, त्या चक्रातून सुटायला हे घेतलं. मला उपयोग झाला. ओळखीतल्या एकाला शून्य.

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारायची गोष्ट: आठवड्यातून एकदा की दोनदा? २००९ मध्ये इथेच दोन्हींची तुलना झाली. दोनदावाल्यांना आराम पडायला सरासरी पंधरा दिवस लागले, एकदावाल्यांना अठ्ठावीस. जमत असेल तर दोनदा मागा आणि रजेचं गणित त्यावर बसवा. यूसीला एका फेरीत दहापर्यंत खेपा होतात. ऑफिसात "दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळ नाही" असं एकदाच लेखी देऊन टाका. दर वेळी नवं कारण शोधत बसायचं त्राण त्या दिवसांत नसतं.

कागद. माय नंबर कार्ड, हॉस्पिटलचं कार्ड, ओकुसुरी-तेचो, म्हणजे औषधांची वही, हे तुम्हाला माहीत आहेच. यूसी आणि क्रोन्स दोन्ही शितेइ नानब्योच्या, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दुर्धर आजारांच्या यादीत आहेत. ते प्रमाणपत्र मिळालं की आपला वाटा तीस टक्क्यांवरून वीसवर येतो आणि महिन्याची कमाल रक्कम ठरते. ती कमाल रक्कम नोंदवायची एक वही मिळते. ती हॉस्पिटलात आणि औषधाच्या दुकानात, दोन्हीकडे प्रत्येक वेळी दाखवायची. विसरलात तर पैसे आधी भरून मागाहून परत मागत बसायचं. अजून अर्जच केला नसेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी अर्ज करा, त्यासाठी डॉक्टरांचं पत्रक लागतं आणि त्याला वेळ लागतो.

औषधं. जे जे पोटात जातं ते सगळं सांगा. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर तिचं नाव "प्रिल"ने संपतं का पाहा, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल वगैरे. रक्त बाहेर फिरवण्याच्या काही उपकरणांशी या गोळ्यांचं जमत नाही, रक्तदाब धाडकन खाली येऊ शकतो. स्वतःच्या मनाने बंद करू नका, सांगा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर तेही. पांढऱ्या पेशी आधीच कमी असतील किंवा कुठे जंतुसंसर्ग असेल तर खेप पुढे ढकलतात, म्हणून आदल्या रात्री ताप आला तर सकाळी फोन करा, तसेच उठून जाऊ नका. आणि कुणी यूसीवर रामबाण म्हणून सेइताई नावाची निळी पूड दिली असेल तर तेही लपवू नका. ही म्हणजे नीळच, चिनी औषधांतली. ती घेणाऱ्या काही यूसी पेशंटांना फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांचा दाब वाढण्याचा गंभीर त्रास झाला आणि डिसेंबर २०१६ मध्ये इथल्या आरोग्य मंत्रालयाने तसा इशारा दिला. आईचे आसव-काढे याच रांगेत येतात. तिला वाईट वाटेल. वाटू द्या.

आता पाणी.

माझी तिसरी खेप होती. पहिल्या दोन व्यवस्थित झालेल्या, त्यामुळे मी जरा निर्धास्त होते. त्या आठवड्यात जुलाब वाढलेले, दिवसाला आठ-नऊ वेळा. खेप सकाळी साडेनऊची, म्हणजे तोक्योच्या मेट्रोची तोझाई लाइन ऐन गर्दीच्या वेळी. निशी-कासाईहून ज्यांनी ती गाडी पकडली आहे त्यांना सांगायला नको: दार लागलं की पुढच्या स्टेशनपर्यंत हात वर करून नाक पुसायची सोय नसते. गाडीत संडास नाही. म्हणून मी माझ्या मते हुशारी केली. आदल्या रात्री आठनंतर काही प्यायले नाही. सकाळी अर्धा कप चहा. पोट रिकामं, गाडीत कळ नाही, मोन्झेन-नाकाचोला उतरून धावावं लागलं नाही. हॉस्पिटलात पोचले तेव्हा स्वतःवर खूश होते.

नर्सबाईंनी दंडाला पट्टा बांधला, कोपराच्या खोबणीत बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. दुसरा हात पाहिला. सुई नेहमीच्या रक्ततपासणीची नसते, चांगली जाड असते, आणि शीर नुसती सापडून भागत नाही, तिच्यातून मिनिटाला ३० मिली रक्त तासभर सलग यावं लागतं. तिसऱ्या टोचणीला जमलं. दहाव्या मिनिटाला यंत्र ओरडायला लागलं. तंत्रज्ञ आले, वेग कमी केला, हात जरा फिरवला, ओरडणं थांबलं. चार मिनिटांनी पुन्हा. रक्त काढणारी नळी मधेच चपटी होत होती, आपण रिकाम्या होत आलेल्या शहाळ्यातली स्ट्रॉ ओढतो तशी. बावीस मिनिटांवर त्यांनी खेप बंद केली. मणी अर्धेच लाल झालेले. ते नळकांडं एकदाच वापरायचं असतं, ते कचऱ्यात. नर्सबाईंनी अगदी हळू आवाजात विचारलं, "सुइबुन, तोत्तेमास का?" म्हणजे पाणी-बिणी पिताय ना? मी "अर्धा कप चहा" म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. जपानी माणूस काही बोलत नाही तेव्हा काय ते समजून घ्यायचं.

डॉक्टर मात्र बोलले. न पिऊन जुलाब थांबत नाहीत, ते सूज आहे म्हणून होतात. न पिऊन फक्त शिरा सुकतात. आठ-नऊ वेळा जुलाब झालेल्या माणसाने आधीच पाणी गमावलेलं असतं, वरून ते न भरून काढता त्याच्याकडून तासाभरात १.८ लिटर रक्त ओढायचं म्हटलं तर येणार कुठून?

तेव्हा आता माझी रीत अशी. आदल्या दुपारपासून हाताशी बाटली. सपाट्याने नाही, घोट घोट, झोपेपर्यंत साधारण दीड लिटर. त्यातला निम्मा भाग ओएस-वन, कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं, चव आपल्या इलेक्ट्रलच्या जवळची, म्हणजे वाईटच. नसेल तर घरचं मीठ-साखर-पाणी. पोकारी स्वेट गोड जास्त, मीठ कमी, पण काहीच नसण्यापेक्षा बरं. चहा-कॉफी मोजायची नाही. सकाळी उठल्यावर दोन पेले, घर सोडताना अर्धा. हॉस्पिटलात अर्धा तास आधी पोचायचं आणि तिथे शेवटचे चार घोट. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर किती प्यायचं ते डॉक्टरांना विचारा, माझा आकडा घेऊ नका. बाकीच्यांनी कारणं सांगू नका. तहान नाही, थंडी आहे, गाडी आहे, ही तिन्ही मी सांगून झाली आहेत.

गाडीचं उत्तर पाणी न पिणं हे नाही, लवकर निघणं आहे. मी आता गर्दीच्या आधीची गाडी घेते, आणि वाटेत कुठल्या स्टेशनवर संडास फलाटापासून जवळ आहे ते पाठ केलं आहे. एक जादा पँट आणि पॅड पिशवीत, याची लाज वाटायचं मी केव्हाच सोडलं. तोक्योने २०१२ मध्ये सुरू केलेला लाल हेल्प मार्क बॅगेला लावते. फुकट मिळतो, आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या बाईला बसायला जागा का हवी हे समजावत बसावं लागत नाही. कधी उपयोग होतो, कधी समोरचा झोपल्याचं सोंग घेतो.

शिरांना ऊबही लागते. जानेवारीत बाहेरून थेट गारठलेले हात घेऊन गेलात तर प्यायलेलं पाणीही फारसं कामी येत नाही. कोटाच्या दोन्ही खिशांत काइरो, ते चोळून गरम होणारे पुडे, आणि पोचल्यावर हात कोमट पाण्याखाली धरायचे. आत अर्ध्या बाह्यांचं, वर पुढून उघडणारं काहीतरी. घट्ट बाही कोपराच्या वर सरकवली की तीच पट्ट्यासारखी आवळते. बांगड्या, घड्याळ घरी.

मग सुया टोचायच्या अगदी आधी लघवीला जा. लागली नसली तरी. एवढं पाणी प्यायलेलं, आणि पुढचा तास, नळ्या आधी-नंतर धुण्याचा वेळ धरला तर त्याहूनही जास्त, दोन्ही हात अडकलेले. रक्त काढणारा हात तर वाकवायचाच नाही. पहिल्या खेपेला मी पुस्तक घेऊन गेले होते, कुठल्या हाताने पानं उलटणार होते कोण जाणे. कानात काहीतरी आधीच लावून ठेवा, चष्मा नीट बसवा, केस बांधा. नाक खाजणारच आहे. घंटा बोटांजवळ ठेवायला सांगा, आणि डोकं दुखलं, गरगरलं, मळमळलं, छातीत कसंतरी झालं तर वाजवा. सहन करून बक्षीस नाही. दोनचार शब्द जपानीत पाठ करा: "इताइ" दुखतंय, "किमोची वारुइ" मळमळतंय, "तोइरे" कळलंच.

संपल्यावर सुईच्या जागा दहा-पंधरा मिनिटं घट्ट दाबायच्या. हेपॅरिन असतं, रक्त लवकर थांबत नाही. मी एकदा पाचव्या मिनिटाला सोडून फोन पाहिला, पांढऱ्या स्वेटरची वाट. त्या दिवशी सामानाच्या पिशव्या उचलायच्या नाहीत, मूल कडेवर घ्यायचं नाही. काहीतरी हलकं खायचं. आणि पुन्हा पाणी, हो, पुन्हा. थकवा येतो, दुपारची मीटिंग ठेवू नका.

शौचाची संख्या, रक्त, पोटदुखी रोज एका ओळीत लिहून ठेवा, पाचव्या-सहाव्या खेपेला डॉक्टर तेच विचारतात. दोन खेपांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. सहा-सात होऊनही काहीच नाही तर पुढे काय, ते मात्र स्पष्ट विचारा. शेवटी बहुधा कोलोनोस्कोपी करतात. तिच्या तयारीवरही लिहिण्यासारखं आहे, पण ते दोन लिटर औषधी पाणी आठवूनच आत्ता नको वाटतंय.