इंग्लिशचे शब्द पाठ होतात पण वाक्यात येत नाहीत? मग हे करून बघा

हायस्कूलला असताना माझी एक दोनशे पानी वही होती, डावीकडे इंग्लिश शब्द, उजवीकडे मराठी अर्थ आणि मधे पट्टीने मारलेली लाल रेघ. रोज वीस शब्द लिहायचे आणि झोपायच्या आधी मोठ्याने घोकायचे. सात-आठशे तरी शब्द झाले असतील, कुणी विचारलं की धडाधड अर्थ सांगायचो, पण निबंध लिहायला बसलं की पेनातून परत तेच गुड, व्हेरी गुड आणि नाइस. शब्द येत होता हो, पण तो कुणाशेजारी बसवायचा हेच माहीत नव्हतं.

१) एकटा शब्द लिहूच नका, जोडी लिहा

आधी मराठीत बघा. आपण शर्ट घालतो, घड्याळ बांधतो, चष्मा लावतो, अंगठीसुद्धा घालतो. इंग्लिशमध्ये या सगळ्याला एकच शब्द, वेअर. आता उलटं बघा, जोराचा पाऊस आणि जोराचा वारा, आपल्याकडे दोन्हीला 'जोराचा' चालतं पण तिकडे पाऊस हेवी असतो आणि वारा स्ट्राँग. याला काही लॉजिक नाही, शोधायलाही जाऊ नका, जोडी जशी आहे तशी उचलायची. म्हणजे वहीत नुसतं 'मिस्टेक = चूक' नाही तर 'मेक अ मिस्टेक' लिहायचं, कारण 'चूक करणे' डोक्यात असलं की हात आपोआप 'डू अ मिस्टेक' लिहितो. तसंच 'परीक्षा देणे'. आपण सर्रास 'गिव्ह द एक्झाम' म्हणतो, पण ब्रिटिश किंवा अमेरिकन माणूस विद्यार्थ्याबद्दल बोलताना 'टेक ॲन एक्झाम' म्हणेल, देणारा त्याच्या दृष्टीने शिक्षक. आणि 'च्याबद्दल चर्चा करणे' मुळे येणारं 'डिस्कस अबाउट', त्यातला अबाउट काढून टाका, नुसतं डिस्कस पुरतं.

माझ्या मते अशा मराठीतून घुसलेल्या चुकांचं एक वेगळं पान ठेवलं ना, तरी अर्धं काम होतं.

२) शब्द कुठले घ्यायचे

डिक्शनरी ए पासून सुरू करणारे आठवड्याभरात दमतात. मायकेल वेस्ट यांनी १९५३ मध्ये रोजच्या वापरातल्या साधारण २००० शब्दांची यादी छापली होती, सामान्य मजकुरातला बराच मोठा भाग एवढ्याच शब्दांचा असतो. त्याच्यापुढे अभ्यासाच्या पुस्तकांसाठी ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० सालची यादी आहे, ५७० शब्दकुटुंबं (मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द मिळून एक कुटुंब), म्हणजे ॲनलाइज, फॅक्टर, मेथड, सिग्निफिकंट असले शब्द, जे सायन्सच्या धड्यातही येतात आणि इतिहासातही. दोन्ही याद्या नेटवर सापडतात. पण यादी फक्त कुठला शब्द आधी ते ठरवायला वापरा, वाक्य मात्र तुमच्या धड्यातलं घ्या. दिवसाला पाच-सहा जोड्या बास.

एक सांगायचं राहिलं, दिसायला सारखे शब्द एकाच दिवशी घेऊ नका. अफेक्ट आणि इफेक्ट एकत्र शिकलात की पुढे कायम घोळ. एक पक्का होऊ द्या, मग दुसरा.

३) वही बंद करून आठवा

वाचत राहिलं की सगळं ओळखीचं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. म्हणून कार्डं करा, जुन्या वहीची कोरी पानं कापून केली तरी चालतील. पुढे मराठी वाक्य, मागे इंग्लिश. समजा पुढे लिहिलं 'उद्यावर ढकलू नकोस', मागे 'डोन्ट पुट इट ऑफ टिल टुमॉरो'. आधी तोंडाने पूर्ण वाक्य म्हणायचं, मगच कार्ड उलटायचं. इथे 'पुट ऑफ इट' म्हणालात तर कार्ड चुकलं, 'इट' मधेच बसतो, आणि ही असली गोष्ट नुसता अर्थ पाठ करून कधीच कळत नाही.

मग तीन डबे घ्या. पहिल्यातली कार्डं रोज, दुसऱ्यातली तीन दिवसांनी, तिसऱ्यातली आठवड्याने. बरोबर आलं की पुढच्या डब्यात, चुकलं की सरळ पहिल्यात परत, दया नाही. ही आयडिया सेबास्टियन लाइटनर यांनी १९७० च्या दशकात मांडली. आणि त्याच्याही कितीतरी आधी, १८८५ मध्ये, हरमन एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले होते, त्यात दिसलं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून नवीन कार्ड दुसऱ्याच दिवशी परत बघायचं, रविवारसाठी साठवून ठेवायचं नाही. मोबाईलवर अंकीसारखी ॲप्स हेच करतात, पण फोन हातात घेतल्यावर तुम्ही खरंच कार्डंच बघणार का हे तुमचं तुम्हाला माहीत.

४) वाक्य स्वतःचं पाहिजे

प्रत्येक जोडीचं एक खरं वाक्य करा, आज घडलेलं. 'लुक फॉरवर्ड टू' घेतलं तर 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग माय कझिन'. टू नंतर मीट नाही, मीटिंग, इथे भलेभले घसरतात. वाक्य मोठ्याने म्हणा, जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका, पहिल्यांदा स्वतःचा आवाज ऐकून कसंतरी होतं पण दोन दिवसांत सवय होते. मित्र तयार असेल तर अजून छान, तो मराठी वाक्य फेकणार, तुम्ही पाच सेकंदांत इंग्लिश बोलायचं, मग उलट.

मधे चार दिवस बुडाले तर कार्डांचा ढीग साचतो. तेव्हा नवीन जोड्या बंद ठेवा आणि आधी पहिला डबा रिकामा करा, बाकीचे दोन थांबतील.