वेढ्यातल्या शहरात टँकरचं पाणी: क्लोरीनचा डोस कसा काढायचा

2012 ते 2016 युद्धात सीरियातल्या अलेप्पो शहराचे दोन तुकडे झाले होते, पण जलवाहिन्यांचे नाही. सुलेमान अल-हलबी पंपिंग स्टेशन बंडखोरांच्या पूर्व भागात, त्याचं पाणी मात्र सरकारी पश्चिमेलाही जाई. सप्टेंबर 2016 मध्ये पूर्वेचं बाब अल-नैरब स्टेशन हल्ल्यांत बंद पडलं. उत्तर म्हणून सुलेमान अल-हलबीही बंद करण्यात आलं. दोन्हीकडचे नळ कोरडे.

म्हणून दुरुस्तीचा करार दोन्ही बाजूंशी एकाच वेळी करा: तोच कागद, तेच तास, तेच गाडी क्रमांक. एका बाजूला आधी सांगितलंत की दुसरी बाजू अडून बसते. आणि करार मोडणारच असं धरून विहिरी व डिझेल तयार ठेवा.

हिशेब माणशी रोज 15 लिटरचा. 5,000 लोकांना 75,000 लिटर, म्हणजे 10,000 लिटरच्या टँकरच्या आठ खेपा. एका नळावर 250 पेक्षा जास्त माणसं नकोत; गोळीबार चालू असताना लांब रांग हाच धोका.

क्लोरीनचा डोस अंदाजाने टाकू नका. 70 टक्के क्लोरीनची पावडर 15 ग्रॅम, प्लास्टिकच्या भांड्यातल्या 1 लिटर पाण्यात घाला (पावडरवर पाणी ओतायचं नाही). साका बसला की वरची निवळी घ्या. हे झालं 1 टक्क्याचं द्रावण. विहिरीच्या पाण्याच्या 20 लिटरच्या चार बादल्या भरून त्यांत अनुक्रमे 1, 1.5, 2 आणि 2.5 मिली घाला, ढवळा, अर्धा तास थांबा. मग डीपीडी गोळीने तपासा (क्लोरीन असेल तर तिने पाणी गुलाबी होतं). जिच्यात लिटरमागे 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहतं, ती बादली तुमची. समजा 1.5 मिलीची निघाली, तर 10,000 लिटरला 500 पट: 750 मिली. टँकर पाव भरल्यावर ओता, उरलेलं पाणी पडताना आपोआप मिसळतं.

पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने निवळून घ्या; गाळ क्लोरीन खाऊन टाकतो. दुसऱ्या विहिरीवर गेलात की बादल्या पुन्हा मांडा, कालचा आकडा चालत नाही.

खरी तपासणी शेवटच्या नळावर. तिथे गुलाबी रंग चढलाच नाही, तर डोस वाढवण्याआधी नळांच्या टाकीत डोकावा. तळाला बोटभर गाळ सापडेल.