होशिनो गेन : गाणी आणि भूमिका जोडीने कशा ऐकायच्या-पाहायच्या

जपानी गायक-नट होशिनो गेनची गाणी आधी संपवू, मालिका मग सवडीने पाहू, अशी वाटणी करू नका. त्याची बहुतेक गाजलेली गाणी पडद्यावरच्या एखाद्या कथेसाठी लिहिलेली आहेत आणि त्यातल्या काही कथांमध्ये तो स्वतः आहे. म्हणून दोन्ही जोडीने घ्यायचं. १९८१ साली जन्मलेला, साइतामा प्रांतातल्या वाराबी शहरातला हा माणूस २०१६ या एकाच वर्षात एनएचके या सार्वजनिक वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेत शोगुन तोकुगावा हिदेतादा झाला, एका प्रेमकथेचा नायक झाला आणि त्याच प्रेमकथेचं शीर्षकगीतही त्यानेच लिहून गायलं. नुसती गाण्यांची यादी लावून बसलात, तर यातलं काही कळत नाही.

आधी वेळापत्रक समजून घ्या

जपानी मालिका वर्षातून चार हंगामांत येतात: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. आठवड्याला एक भाग, साधारण दहा-अकरा भागांत कथा संपते. शीर्षकगीताची सीडी त्याच हंगामात बाजारात येते. एनएचकेच्या दोन मालिकांचा हिशोब वेगळा. सकाळची मालिका सहा महिने चालते आणि तिचा भाग पंधरा मिनिटांचा असतो. रविवारची ऐतिहासिक मालिका वर्षभर चालते.

याचा उपयोग असा. कोणतंही गाणं आवडलं की त्याची प्रकाशनाची तारीख पाहा आणि त्या हंगामात कोणती मालिका किंवा चित्रपट होता ते शोधा. ‘कोइ’ची सीडी ५ ऑक्टोबर २०१६ ला आली. ‘निगेरु वा हाजि दा गा याकु नि तात्सु’, म्हणजे चाहत्यांची ‘निगेहाजि’, ११ ऑक्टोबरला टीबीएस वाहिनीवर सुरू झाली; ‘कोइ’ हे तिचंच शीर्षकगीत. ‘सन’ हे मे २०१५ चं गाणं एप्रिलच्या हंगामातल्या मालिकेचं, ‘फॅमिली साँग’ हे ऑगस्ट २०१७ चं गाणं जुलैच्या हंगामातल्या मालिकेचं. या दोन्ही मालिकांत तो नाही, फक्त त्याचा आवाज आहे. हा फरक आधीच टिपून ठेवा, नाहीतर दहा भाग त्याची वाट पाहण्यात जातील.

पहिली मालिका

सुरुवात ‘निगेहाजि’पासूनच करा. ११ भाग आहेत. होशिनो यात त्सुझाकी हिरामासा नावाचा बुजरा इंजिनिअर आहे. घरकामाला ठेवलेल्या मिकुरीशी (आरागाकी युइ) तो पगारी कराराचं लग्न करतो. कांतो प्रदेशात (तोक्यो आणि आसपास) पहिल्या भागाचं रेटिंग १०.२ टक्के होतं, शेवटच्या भागाचं २०.८. म्हणजे आठवड्यागणिक नवे प्रेक्षक येत गेले, आणि त्यात प्रत्येक भागाच्या अखेरीस कलाकारांनी ‘कोइ’वर केलेल्या नाचाचा वाटा मोठा होता.

पाहताना एक काळजी घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये ‘पुढचा भाग आपोआप’ हा पर्याय सुरू असेल तर श्रेयनामावली सुरू होताच ॲप पुढच्या भागावर उडी मारतं आणि नाच हातचा जातो. सेटिंगमध्ये जाऊन तो पर्याय आधी बंद करा. ‘स्पाय × फॅमिली’ या ॲनिमेबाबतही हेच. २०२२ च्या एप्रिलच्या हंगामात त्याच्या भागांच्या अखेरीस येणारं गाणं, ‘किगेकी’, होशिनोचं आहे. ते ॲनिमे आवडीने पाहूनही गाणं कधी न ऐकलेले पुष्कळ जण सापडतील.

नाच शिकायचा असेल तर थोडा धीर धरा. नृत्यदिग्दर्शन मिकिको यांचं आहे. गाण्याचा वेग मिनिटाला १५८ ठोक्यांच्या आसपास, म्हणजे नवशिक्याला न झेपणारा. व्हिडिओचा वेग ०.७५ वर आणलात की तो ११८-११९ वर येतो. त्या वेगात फक्त ध्रुवपदाचे हात बसवा, मग पाय जोडा, आणि मगच पूर्ण वेगावर जा. उलटं केलं, म्हणजे थेट पूर्ण वेगात हात-पाय एकत्र घेतले, की पाय बरोबर पडतात पण हात अर्ध्या ठोक्याने मागे राहतात, आणि या नाचाची सगळी गंमत हातांत आहे. समोरच्या नर्तिकेचा उजवा हात तुम्हाला डावीकडे दिसतो, हेही पहिल्याच दिवशी पक्कं करून घ्या.

मूळ ध्वनिमुद्रण वापरून केलेला व्हिडिओ मात्र इंटरनेटवर चढवू नका. मालिका गाजत असताना रेकॉर्ड कंपनीने ९० सेकंदांपर्यंतच्या व्हिडिओंना मुभा दिली होती. २०१७ मध्ये ती संपली आणि आधीचे व्हिडिओही काढून टाकायला सांगण्यात आलं.

पुढचा धागा लेखिकेचा

इथे बहुतेक जण दुसरी प्रेमकथा शोधायला लागतात आणि त्यांची निराशा होते. होशिनोच्या भूमिकांमध्ये हलक्याफुलक्या प्रेमकथा थोड्याच आहेत. त्यापेक्षा पटकथालेखिकेचा माग काढा. ‘निगेहाजि’ नोगी आकिको यांनी लिहिली. २०२० ची ‘एमआययू ४०४’ त्यांचीच, आणि त्याच वर्षीचा ‘त्सुमि नो कोए’ हा चित्रपटही. हा क्रम चोख आहे, कारण तिन्हींत होशिनो मनातलं बाहेर न काढणारा माणूस आहे आणि लेखिका तेच मौन दर वेळी निराळ्या कामाला लावते.

‘एमआययू ४०४’ मध्ये तो शिमा काझुमी हा पोलिस आहे. सोबतचा आयानो गो धावत सुटणारा, हा नियमावर बोट ठेवणारा. शीर्षकगीत इथे योनेझु केन्शीचं आहे, होशिनोचं नाही. ११ भागांत त्याला फक्त नट म्हणून पाहायची ही उत्तम संधी. ही मालिका पाहिल्यावरच २०२४ चा ‘लास्ट माइल’ चित्रपट घ्या. तो त्याच जगात घडतो आणि शिमा त्यात थोडा वेळ येतो. आधी पाहिलात तर ते दृश्य कोरडं जाईल. ‘त्सुमि नो कोए’ मात्र वेगळा, स्वतंत्र आहे. एका जुन्या गुन्ह्यातल्या ध्वनिफितीवर आपलाच लहानपणचा आवाज आहे हे एका शिंप्याला कळतं, आणि होशिनो तो धक्का जवळजवळ चेहरा न हलवता दाखवतो. ‘कोउनोदोरी’ या प्रसूतितज्ज्ञांच्या मालिकेचे दोन हंगाम, २०१५ आणि २०१७, यानंतर घेतले तरी चालतील.

अल्बम उलटे लावा

सगळे अल्बम स्ट्रीमिंगवर आहेत. ऑगस्ट २०१९ पर्यंत नव्हते, म्हणून जुन्या याद्यांमध्ये ‘मिळत नाही’ असं लिहिलेलं दिसलं तर सोडून द्या. शोधताना इंग्रजी लिपीत नाव आधी आणि आडनाव मग येतं, जपानीत उलट. एकदा त्याच्या अधिकृत पानावरून तीन कांजींचं (चिनी चित्राक्षरांचं) जपानी नाव कॉपी करून फोनमध्ये ठेवा. मुलाखती आणि जुन्या कार्यक्रमांचे तुकडे त्यानेच सापडतात.

काळाच्या क्रमाने ऐकू नका. २०१० चा ‘बाका नो उता’ हा पहिला अल्बम गिटार आणि दबका आवाज असा आहे. ‘कोइ’ ऐकून आलेला माणूस तिथे दोन गाण्यांत उठून जातो. आधी ‘यलो डान्सर’ (डिसेंबर २०१५), मग ‘पॉप व्हायरस’ (डिसेंबर २०१८), मग मागे वळून ‘बाका नो उता’, ‘एपिसोड’ (२०११) आणि ‘स्ट्रेंजर’ (२०१३), आणि सर्वांत शेवटी ‘गेन’ (२०२५). ‘स्ट्रेंजर’चं काम चालू असताना, डिसेंबर २०१२ मध्ये, त्याला मेंदूत रक्तस्राव झाला. २०१३ मध्ये दुसरी शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये तो तोक्योच्या बुदोकान सभागृहाच्या मंचावर परतला. एवढं माहीत असलं की त्या अल्बमनंतर आवाज का मोकळा झाला, याचा अंदाज येतो.

एकच गाणं बारकाईने ऐकायचं असेल तर ‘आयडिया’ घ्या. २०१८ च्या ‘हानबुन, आओइ’ या सकाळच्या मालिकेचं हे शीर्षकगीत. टीव्हीवर त्याचा फक्त पहिला भाग रोज वाजायचा: मारिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य), उजळ वाद्यवृंद, सकाळचं ऊन. ऑगस्टमध्ये पूर्ण गाणं आलं तेव्हा लोकांना पुढचं समजलं. दुसऱ्या कडव्यात वाद्यवृंद जातो आणि स्टट्स या बीटमेकरचा रुक्ष, तुटक ठेका येतो. त्यानंतर सगळं थांबतं आणि उरते एक गिटार आणि गळा. शेवटी पुन्हा सगळी वाद्यं. हेडफोन लावून तीनदा ऐका: एकदा नुसता मारिंबा, एकदा नुसता ठेका, एकदा गिटारचा तुकडा. मारिंबा येतो तो त्याच्या ‘साकेरॉक’ या बँडमधून. २००० साली शाळेतल्या मित्रांसोबत सुरू केलेला हा बँड गायकाविना वाजवायचा, आणि २०१५ मध्ये तो संपला. गिटारचा तुकडा म्हणजे ‘बाका नो उता’. ठेका म्हणजे ‘पॉप व्हायरस’ची दिशा. त्याची तोवरची सगळी वाटचाल या एका गाण्यात ऐकू येते, आणि आमच्या मते त्याच्या लेखनातलं हे सर्वांत धाडसी काम आहे.

घरात लहान मुलं असतील तर २०१८ चं ‘दोराएमोन’ लावा. त्या वर्षीच्या दोराएमोन चित्रपटासाठी ते लिहिलं आहे आणि मधल्या संगीतात जुन्या दोराएमोनगीताची चाल गुंफली आहे. हिंदीत डब झालेल्या मालिकेच्या शीर्षकगीताशी त्याचा संबंध नाही, त्यामुळे मुलांना ते ओळखीचं वाटलं नाही तर नवल नको.

डिस्क मागवताना

एकाच अल्बमच्या तीन-चार आवृत्त्या निघतात. ‘शोकाई गेन्तेइबान’ म्हणजे पहिली मर्यादित आवृत्ती. तिच्यासोबत कार्यक्रमाच्या चित्रीकरणाची जादा डिस्क असते, बहुधा एका प्रतीत ब्लू-रे आणि दुसरीत डीव्हीडी. ‘त्सूजोबान’ म्हणजे साधी, फक्त सीडीची. सीडी कुठेही वाजते. अडचण जादा डिस्कची आहे. डीव्हीडीसाठी जपान विभाग २ मध्ये, भारत ५ मध्ये. ब्लू-रेसाठी जपान ‘ए’ मध्ये, भारत ‘सी’ मध्ये. डिस्कवर विभागाचं बंधन असेल तर इथला साधा प्लेअर ती नाकारतो. मागवण्याआधी दुकानाच्या पानावर विभाग तपासा, आणि सर्व विभाग चालवणारा प्लेअर नसेल तर साधी आवृत्तीच घ्या. उपशीर्षकं गृहीत धरू नका. सीडीजपानसारखी दुकानं भारतात पाठवतात, पण सीमाशुल्क वेगळं लागू शकतं. दोन-तीन डिस्क एकत्र मागवणं डाकखर्चाला परवडतं.

जपानमध्ये राहत असाल तर

तोक्योतल्या निशी-कासाईत किंवा योकोहामात स्थायिक झालेल्या मराठी मंडळींना दोन गोष्टी जास्त मिळतात. पहिली कार्यक्रमाची तिकिटं. ती बहुतेक सोडतीने मिळतात, आणि अशा तिकीट-संकेतस्थळांवर अनेकदा जपानी मोबाइल क्रमांकाशिवाय नोंदणी होत नाही. सोडतीची मुदत कार्यक्रमाच्या बरीच आधी संपते, म्हणून दौरा जाहीर झाला त्याच दिवशी नाव द्या.

दुसरी गोष्ट रेडिओ. ‘ऑल नाइट निप्पॉन’ हा त्याचा कार्यक्रम २०१६ पासून आहे. वेळ मंगळवारी ‘२५:००’ अशी लिहिलेली असते. जपानी प्रसारणात दिवस मध्यरात्रीला संपत नाही. २५:०० म्हणजे बुधवारी पहाटे एक, भारतात मंगळवारी रात्री साडेनऊ. मंगळवारी पहाटे एकला रेडिओ लावून बसलात तर दुसऱ्याच कुणाचा कार्यक्रम ऐकाल. ‘रादिको’ ॲपवर तो जपानात थेट ऐकता येतो. एवढ्या रात्री जागणं शक्य नसेल तर त्याच ॲपमधल्या टाइम-फ्री सोयीने प्रसारणानंतर आठवडाभरात ऐका. भारतातून हे ॲप उघडलं तर प्रसारण अडवलं जातं.