उजव्या स्पीकरमधली चाट परत आली
गेल्या महिन्यात उजव्या स्पीकरमधून डग्गा घुमायचा, पण तबल्याची चाट आणि टाळ जवळजवळ गायब. अ‍ॅम्प्लिफायरपाशी डावी-उजवी वायर अदलाबदल करून पाहिली. दोष उजव्या स्पीकरमध्येच राहिला, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर ठीक.

माझ्या स्पीकरला मागे चार टर्मिनल आहेत: वरची जोडी ट्वीटरची (उंच स्वरांचा छोटा स्पीकर), खालची वूफरची (खर्जाचा मोठा स्पीकर), आणि दोन्ही जोडणाऱ्या पितळी पट्ट्या. त्यातली एक काळी पडून सैल झाली होती. वायर खालच्या जोडीला लावलेली, त्यामुळे ट्वीटरला सिग्नल त्या सैल पट्टीतूनच जायचा! अ‍ॅम्प्लिफायर बंद करून पट्ट्या काढल्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलने टर्मिनल पुसली आणि पट्ट्यांऐवजी स्पीकर वायरचेच छोटे तुकडे घट्ट बसवले. चाट लख्ख ऐकू आली. किती बरं वाटलं!

मग बाय-वायरिंगही केलं, म्हणजे दोन्ही जोड्यांना अ‍ॅम्प्लिफायरपासून वेगवेगळी वायर, हे तुकडे काढूनच (ते राहिले तर दोन वायर नुसत्या समांतर जोडल्या जातात). मला फरक जाणवला नाही. वायरची जाडी मात्र बघाच. २.५ चौरस मिलिमीटरची ६ मीटर तांब्याच्या वायरचा रोध (विजेला होणारा अडथळा) जाऊन-येऊन साधारण ०.०९ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे ते नगण्य. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर टाळा, तेवढ्याच जाडीत तिचा रोध जास्त असतो.