आमदारांकडे जाताना मागणी लिहून न्या

लालबागच्या मसाला गल्लीत आमचं दुकान आहे. गल्लीतल्या दुकानदारांची निवेदनं लिहायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आमदारांच्या कार्यालयात नुसती तक्रार सांगितली तर ‘बघतो’ एवढंच ऐकायला मिळतं. कोणत्या खात्याने नेमकं काय करावं हे कागदावर असेल, तर त्यांना त्याच दिवशी त्या खात्याला पत्र देता येतं. आपलं अर्धं काम त्यांच्याकडे जाण्याआधीच करायचं असतं.

आधी विषय कोणाच्या हातात आहे ते बघा. कचरा, गटार, दुकानाचा परवाना हे महापालिकेचं. आमच्यासाठी एफ दक्षिण विभाग कार्यालय आणि नगरसेवक. व्यवसाय कर, भाडे नियंत्रण, वाहतूक पोलीस, वजनकाट्यांची तपासणी हे राज्याचं, म्हणजे आमदारांचं. विजेचा दर मात्र वीज नियामक आयोग ठरवतो. काही विषय दोघांत वाटलेले असतात. दळलेला मसाला सुटा विकू नये, बंद पाकिटातच विकावा, हा नियम केंद्राचा आहे. तो बदलायचा तर खासदारांना भेटावं लागेल. पण त्याची अंमलबजावणी राज्याचं अन्न व औषध प्रशासन करतं. छोट्या दुकानदारांना लेबल कसं लावायचं ते शिकवा, गल्लीत शिबिर घ्या, ही मागणी आमदारांकडे नेता येते.

आता निवेदन. मिरचीचा हंगाम मार्च ते मे. बेडगी, संकेश्वरीची पोती घेऊन टेंपो येतात आणि उभं राहायला जागा नसते. ‘व्यापाऱ्यांची प्रचंड गैरसोय होत आहे’ असं लिहून कोणाला काहीच कळत नाही. आठवडाभर वहीत नोंद करा: टेंपो किती वाजता आला, किती वेळ उभा होता, मागे रांग लागली का. मग एका पानात लिहा: ‘1 मार्च ते 31 मे, सकाळी 7 ते 9, गल्लीच्या तोंडाशी एका वेळी दोन टेंपोंना माल उतरवण्यापुरतं थांबू द्यावं.’ परळला केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं आहेत. रुग्णवाहिकेची वाट अडणार नाही याची काळजी आम्ही कशी घेऊ, आमचा कोणता माणूस तिथे उभा राहील, हेही आपणच लिहायचं. समोरचा अधिकारी हा प्रश्न विचारणारच. त्याचं उत्तर कागदावर असलं की फाईल परत येत नाही.

सह्यांची गोष्ट नीट लक्षात घ्या. आमच्यातले कितीतरी दुकानदार राहतात डोंबिवलीला नाहीतर विरारला आणि मत तिथेच देतात. दुकान शिवडी मतदारसंघात असलं तरी इथल्या आमदारांच्या मतदार यादीत आपलं नाव नसतं. म्हणून चाळीतल्या रहिवाशांच्या, आपल्याकडून वर्षाचा मसाला नेणाऱ्या ताई-मावशींच्या, इथल्याच कामगारांच्या सह्या घ्या. त्यांना मागणी आधी समजावून सांगा. न वाचता कोणाची सही घेऊ नका.

निवेदनाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर तारखेसह पोच घ्या. आमदारांपेक्षा स्वीय सहायकांशी बोलणं जास्त होतं, तेव्हा त्यांना दोन मिनिटांत विषय सांगता आला पाहिजे. आमदारांनी मंत्र्यांना पत्र दिलं आणि मंत्र्यांनी त्यावर शेरा मारला, तरी काम झालं असं समजू नका. तो कागद टपालातून खात्यात जातो, कक्ष अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचतो. तिथला आवक क्रमांक मिळवा आणि पुढची विचारणा त्याच क्रमांकाने करा. बराच काळ हालचाल नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. आपल्या राज्यात तो एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो.

वेळही सांभाळावी लागते. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. अधिवेशन सुरू झाल्यावर तारांकित प्रश्नासाठी, म्हणजे ज्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात त्या प्रश्नासाठी, धावून उपयोग नाही, त्याची सूचना कित्येक आठवडे आधी द्यावी लागते. अचानक काही तातडीचं उद्भवलं तर लक्षवेधी सूचना असते. तिच्यावर मंत्र्यांना सभागृहात निवेदन करावं लागतं. मंत्र्यांनी तिथे शब्द दिला तर तो आश्वासन समितीकडे नोंदला जातो, आणि तोच धरून आपण पुन्हा विचारू शकतो. कराची मागणी डिसेंबर-जानेवारीतच पोचवा, मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला गेल्यावर फार उशीर होतो. व्यवसाय कराची 2500 रुपयांची वरची मर्यादा राज्यघटनेच्या 276व्या कलमात आहे, पण त्याखाली सूट कोणाला द्यायची हे राज्य ठरवतं. 2023च्या अर्थसंकल्पात महिलांना महिना 25,000 रुपये पगारापर्यंत या करातून सूट मिळाली. छोट्या दुकानदार बायकांसाठी असंच काही मागता येईल, असं मला मनापासून वाटतं.

मागणी अशी हवी की सरकारला ती मान्य करता येईल. प्लास्टिकबंदी 23 जून 2018 पासून लागू झाली तेव्हा ‘बंदी उठवा’ म्हणणारे पुष्कळ होते. पण सुटा किराणा बांधून द्यायचा कशात, हा प्रश्न खरा होता. आठवड्याभरातच सरकारने 50 मायक्रॉनपेक्षा जाड वेष्टनाला, ते परत गोळा करण्याच्या अटींसह, मुभा दिली. पुढे नियम बदलत गेले, तरी मागणी करताना मी आजही तो प्रसंग डोळ्यांपुढे ठेवते.

विधान परिषदही विसरू नका. मुंबईला तिचा पदवीधर मतदारसंघ आहे, तिथला आमदार पदवीधरच निवडतात आणि त्याची मतदार यादी दर निवडणुकीला नव्याने होते; जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. दुकानात बसणारी आपली बरीच मुलं-मुली आज पदवीधर आहेत. मुंबईत राहणाऱ्यांची यादी करा, पदवीच्या प्रमाणपत्रांच्या प्रती जमवा आणि नोंदणी जाहीर झाली की फॉर्म 18 भरून घ्या.